कलामा शहरी फरशीखालची धरणी मोकळी जाहली, त्याची हकीकत

आदिमाय धरित्री पाचामामा हिचे पायी मस्तक ठेवोन, कास्पाना गावच्या डोन्या, म्हणजे बाईसाहेब, सातुर्नीना आन्सा यांनी कलामा शहरावर जी स्वारी केली, तिची हकीकत ऐकिली तैसी लिहिली असे. वाचणारांनी जेवोन वाचावी, कारण यात ऊन कालवण फार वेळ ताटकळले आहे.

कलामा म्हणजे तांब्याच्या खाणीचे ठाणे. सभोवार वाळवंट, आणि वारा ऐसा की दुपारी भल्याभल्यांच्या टोप्या बिनहुकूम लोआ नदीपार जातात. ऐशा शहरी डोन्यांची भाची यास्ना लग्न करोन गेली, तेव्हांपासोन मावशींनी अबोला धरिला होता. आता यास्नाने चौथ्या मजल्यावर नवे घर घेतले आणि निरोप धाडिला, की मावशींचे पाय घराला लागावेत. मग बहुत मसलत करोन, शेळीच्या दुधाचे चीज, धरणीस वाहावयाची कोकाची पाने आणि वाईनची बाटली ऐशी रसद बांधोन, स्वारी बसने दाखल जाहली.

यास्नाने पहाटेपासोन मका आणि मांस शिजवोन पातास्का सिद्ध केला होता. वाडगे वाफाळत पुढे आले आणि मावशींनी बाटली उघडिली आणि रिवाजाप्रमाणे पहिला घोट धरणीस पाजावा म्हणोन खाली पाहिले, तो पांढरी चकचकीत लादी. मावशी थबकल्या.

यास्ना घाईने म्हणाली, "दे इकडे मावशी, मोरीत ओतते. पाइपातून जाईल की खाली."

ऐसा शब्द त्या घराण्यात आजवर कोणी काढिला नव्हता.

"मोरीत?" मावशी म्हणाल्या. "सासूलाही नळीनंच पाजतेस का गं?"

मग फर्मान सुटले, की धरणी प्याल्याखेरीज या घरचे पाणीदेखील घशाखाली उतरणार नाही, आणि सोय न जाहल्यास तिसऱ्या प्रहराच्या बसने फौज माघारी फिरेल. यास्नाचा चेहरा उतरला. मावशी आज उपाशी गेल्या तर पुन्हा येणे नाही, हे ती जाणोन होती.

मग लिफ्ट नामे पेटाऱ्यात शिरण्यास मावशींनी साफ इन्कार केला, आणि त्या पुढे बाटली घेऊन, यास्ना मागे वाडगे घेऊन, उभय सरदार जिने उतरले. वाळवंटातले शहर, माती ती किती असावी. परंतु त्या सोसायटीत भिंतीपासोन भिंतीपर्यंत सिमेंटचे ठोकळे. कुंड्या पाहिल्या, तो झाडे प्लास्टिकची. हिरवळ पाहिली, तो तीही चटई.

"घरात माती येते म्हणून लोक वैतागतात गं मावशी."

"मग वाळवंटात आलात कशाला?"

"तांब्यासाठी."

"ते काय आभाळातून पडतं?"

यास्नाने वेशीबाहेरच्या मोकळ्या रानात जावे ऐसे सुचविले, तेही नामंजूर. घर इथले, तर इथलीच धरणी प्यायली पाहिजे. शेजारणीस पाजोन घरचीचे समाधान कैसे व्हावे? मग मावशींनी दोन ठोकळ्यांमधली फट हेरोन नखाने मोर्चा लाविला, इतक्यात दरवाजाचा किल्लेदार शिट्टी फुंकीत चालोन आला.

"ओ आजी, काय करताय? फरशी सोसायटीची आहे."

"फरशी तुमची. खालची कुणाची? नाव काय रे तुझं?"

"नोल्बेर्तो."

"पुढचं सांग."

"आयाविरे."

"म्हणजे आमच्या शेजारच्या तोकोन्से गावचा. बासिलियाचा कोण तू?"

किल्लेदाराने टोपी काढिली. "नातू."

"गावचे पाट साफ करायला तुझी आजी सगळ्यांच्या पुढं असायची. पाण्याला आधी गाणं, मग फावडं. आणि तू धरणीला झाकून वर राखण करतोस?"

"पोटासाठी, आजी."

"पोटाला कोण घालतं?"

किल्लेदाराने सोसायटीच्या अध्यक्षांच्या खिडकीकडे पाहिले. मग चौकीत गेला आणि लोखंडी कांब घेऊन आला आणि एक ठोकळा उचकटोन बाजूस ठेविला. "लवकर उरका," तो म्हणाला. "आणि थोडी शिल्लक ठेवा. माझ्या नावानं मीच ओततो."

खाली तांबूस, कोरडी माती होती. मावशींनी कोकाची पाने ठेविली, दोन्ही हातांनी वाईन ओतिली, आणि ती ओतता ओतता नाहीशी जाहली.

"किती तहानली होती बाई," मावशी हळूच म्हणाल्या, आणि यास्नाच्या पाठीवर हात ठेवोन तिला पुढे ओढिले. "ओत आता तू. घर तुझं आहे."

मग तिघे कट्ट्यावर बसोन निवालेले कालवण जेविले. वाऱ्याने वाडग्यांत धूळ घातली. मावशींनी ती मीठ समजोन खाल्ली आणि आणखी मागितले.

ठोकळा पुन्हा बसवावा ऐसा ठराव सभेत मंजूर जाहला खरा. परंतु सुटीच्या दिवशी कोणी ना कोणी बाटली घेऊन तेथे उभे असते, म्हणोन गवंड्यास सवड मिळत नाही. या मोहिमेत मावशींचे एक नख कामास आले. मुलूख मिळविला तो एका ठोकळ्याएवढा. तिसऱ्या प्रहराची बस मावशींवाचोन गेली. ऐसी फत्ते जाहली, हे मुक्रर जाणोन लिहिले असे.