सासूबाई नॉट रिस्पॉन्डिंग

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा! म्हणूनच सगळ्या गोतावळ्याचे फोटो एका जागी ठेवायचा विडा मी उचलला. पॅसेजमधल्या कपाटात सर्व्हर, फोटो साठवणारा एक डबा, बसवला. त्याला नाव द्यावं लागतं. सगळं जपून ठेवायचं, काही विसरायचं नाही आणि नको तेव्हा बाहेर काढायचं, हा त्याचा स्वभाव बघून मी नाव दिलं 'सासूबाई'. अर्थात हे माझ्यापुरतंच. खऱ्या सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती.

हा सर्व्हर गप्प झाला की माझ्या कॉम्प्युटरचं कर्नल, म्हणजे त्याच्या पोटातला मुख्य कारभारी, इशारा देतं. तो फोनवर यावा अशी सोयही मीच केली. फक्त माझ्या नंबराऐवजी घरच्या ग्रुपचा पत्ता टाकला गेला.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये होतो, फोन बंद. ग्रुपवर माझ्या नावाने निरोप पडला: "सर्व्हर सासूबाई नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग."

कर्नलच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की पलीकडून उत्तर नाही, मी विचारत राहतो. पण ग्रुपवर ज्याची त्याची सासू वेगळी! बायको तिच्या सासूबाईंकडे, म्हणजे माझ्या आईकडे, ऑफिस सोडून धावली. मेहुण्याने आपल्या सासुरवाडीला ॲम्ब्युलन्स धाडली. तिथे त्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. सासऱ्यांनी शांतपणे लिहिलं, "माझ्या सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. आता कोण ट्राय करतंय?"

मीटिंग संपल्यावर फोन उघडला आणि ग्रुपवरचा हा गोंधळ वाचला. धापा टाकत घरी आलो, तर आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई पॅसेजमध्ये व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होत्या. कपाटातला डबा उगाच घूं घूं करतो म्हणून त्यांनी त्याचा प्लग काढून तिथे आपला लावला होता.

मी घाईघाईने प्लग परत लावला. तेवढ्यात बायको माझ्या आईला घेऊन दारात हजर, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले: "सर्व्हर सासूबाई ओके."

सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. मला सगळं कबूल करावंच लागलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं.

"नाव बदला," त्या म्हणाल्या. "जावई ठेवा."

ठेवलं. परवा पुन्हा इशारा आला: "सर्व्हर जावई नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग." कोणी जागचं हललं नाही. सासूबाईंनी तेवढं खाली लिहिलं, "हे आम्हाला लग्नापासून माहीत आहे."