आधी भाव, मग पाणी

जनूदादा भोईर कुणाच्या घरी कामाचा भाव सांगायला गेले की पाणी पीत नाहीत. मे महिना असो, चार मजले चढून आलेले असोत, शर्ट पाठीला चिकटलेला असो, समोर माठातल्या पाण्याचा तांब्या आला की ते हात मागे बांधतात आणि म्हणतात, "आधी भाव, मग पानी." नव्या माणसाला वाटतं, कडक उपास असावा. आमच्या शेजारच्या नेनेवहिनींना तर वाटलं, आपल्या घरचं पाणी या माणसाला चालत नाही. त्या दोन दिवस घुश्श्यात होत्या.

उपासबिपास काही नाही. जनूदादांचा स्वतःवर भरवसा नाही, एवढंच.

दादा मूळचे खाडीकाठच्या कोलशेतचे. आजे-पणजे मिठागरात राबलेले. खाल्ल्या मिठाला जागावं, हे तुम्ही-आम्ही शाळेच्या निबंधात लिहून मोकळे होतो. त्यांच्या घरी तो कायदा आहे. ज्याच्याकडे खाल्लं त्याच्याकडून नफा घ्यायचा म्हणजे त्यांना खिसा कापल्यासारखं वाटतं. वागळे इस्टेटमधल्या एका कंत्राटदाराकडे ते सुपरवायझर होते तोवर हे खपून गेलं. भाव शेट सांगायचे, दादा काम करून घ्यायचे. शिवाय कारखान्याची शेड बांधणाऱ्याला पोहे कोण आणून देतंय? पन्नाशीला टेकल्यावर मात्र त्यांनी नोकरी सोडली, स्वतःच्या नावाची पाटी रंगवून घेतली आणि कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक आम्ही.

आमचं स्वयंपाकघर नवं करायचं होतं. दादांनी टेपनं ओटा मोजला, भिंतीवर बोटांनी ठोकून प्लास्टर कुठे पोकळ झालंय ते ऐकलं आणि आकडा सांगितला. आकडा वाजवी होता. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी कांदेपोहे आणले, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. पहिल्या घासाला दादा म्हणाले, "ताई, मजुरीत जरा कमी करू." बशी अर्धी झाली तेव्हा फरशीची फुटतूट आमच्या माथी मारायची नाही असं ठरलं. चहा आला आणि जुन्या ओट्याचा राडारोडा चार मजले खाली उतरवण्याचे पैसे गेले. मी आणि माझा नवरा नुसते बघत होतो. घासाघीस करायला आमच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

काम फक्कड झालं. दादांना मात्र पदरचे घालावे लागले. पुढची दोन कामंही तशीच गेली, एक थालीपिठात आणि एक सोलकढीत.

मग मंदावहिनींनी सूत्रं हातात घेतली. मंदावहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. त्यांनी कित्येक वर्षं जेवणाचे डबे करून विकलेत, त्यामुळे आमटीत कढीपत्ता टाकला तरी त्याचे पैसे कुठून निघणार हे त्यांना आधी ठाऊक असतं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "वरीसभर बघते. घर चाललं तर बरं. नाय तर मुकाट शेटकडं परत जायचं." शेटनं जागाही राखून ठेवली होती, आणि तेच दादांना जास्त बोचत होतं. हौसेनं लावलेली पाटी वर्षात उतरवायची आणि पुन्हा दुसऱ्याच्या शेडवर उभं राहायचं, या विचारानं त्यांचं जेवण उडालं होतं. दुसऱ्यांच्या घरचं नाही, स्वतःच्या घरचं.

तेव्हापासून भाव वहिनी काढतात. सिमेंटच्या गोणीपासून मजुरांच्या चहापर्यंत सगळं धरतात आणि वर दादांची मजुरीही धरतात. दादांना ते पहिल्यांदा पटेना. "माझी कसली मजुरी? मी मालक हाय." वहिनी म्हणाल्या, "मग मालक जेवत नाय काय?" दादांना नियम एकच दिला: आकडा तोंडातून बाहेर पडून समोरच्यानं हो म्हणेपर्यंत कुणाकडचा पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

नियम लागू पडला. छोटी छोटी कामं नफ्यात सुटायला लागली. वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या सोसायटीचं मोठं काम निघालं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि सगळ्या इमारतीला बाहेरून प्लास्टर. हे काम वहिनींच्या भावात मिळालं तर पाटी राहणार होती. भाव पाडून घेतलं तर पाटी जाणार होती, आणि काही बचतही.

आमचे सेक्रेटरी जोशीकाका डोंबिवलीत उभा जन्म काढून इकडे राहायला आलेले. कोथिंबिरीची फुकट काडी पिशवीत पडल्याशिवाय त्यांनी कधी भाजीवाल्याला सोडलेलं नाही. त्यांना आमच्या पोह्यांची हकिकत कळली होती. सांगणार कोण, माझ्या सासूबाईच, तेही अभिमानानं. मीटिंगच्या दिवशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले तर टेबलावर बटाटेवडे, ओली चटणी, नारळाच्या वड्या आणि मसाला दूध. मी खजिनदार, त्यामुळे आपल्याच माणसाला पाडण्यासाठी आणलेल्या वड्यांचे पैसे मलाच मंजूर करावे लागले.

"घ्या हो भोईर, गरम आहेत तोवर," काका म्हणाले.

"आधी भाव."

"भाव काय पळून जातोय?"

"वडा पन नाय पळत, काका."

दादांनी हात मागे बांधले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसा भाव म्हटला. काकांनी बशी थोडी पुढे सरकवली. "यात परांची आली का? की बांबूचे वेगळे?"

"सगळा आला."

"मग थोडं खाली या की." बशी आणखी पुढे.

दादांनी डोळे मिटले आणि तोच आकडा पुन्हा म्हटला. बशी टेबलाच्या कडेला येऊन थांबली, वास पार नाकाशी. दादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. या माणसानं टिकावं असं मला फार मनापासून वाटत होतं. मी मध्येच म्हणाले, "दुसऱ्या दोन कंत्राटदारांनी परांची धरलेलीच नाही. ती धरली तर हाच भाव बरा पडतो." आणि हात वर केला. मग बाकीचे हात वर झाले, सगळ्यात शेवटी काकांचा.

दादा आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांनी वडे खाल्ले, गार झालेले, एकामागून एक चार. चौथ्याला त्यांचं तोंड चालायचं थांबलं. "ताई, तळमजल्यावर त्या सावंतआजी एकट्याच राहतात ना? येताना बघितलं, त्यांच्या न्हाणीघराची भिंत पार ओली हाय. ती करून देतो. त्याचे पैसे नकोत."

जोशीकाकांचा चेहरा उजळला. पुढे कित्येक दिवस ते सगळ्यांना सांगत होते, चार वड्यांत न्हाणीघर काढलं म्हणून.

दादा लगोलग आजींची भिंत बघायला गेले. मी बाहेर आले. गेटपाशी मंदावहिनी स्कूटरजवळ उभ्या होत्या, डोक्यावर हेल्मेट चढवून तयार. मी आधी काम मिळाल्याचं सांगितलं, मग चाचरत न्हाणीघराचं.

"किती वडे खाल्ले?" वहिनींनी विचारलं.

"चार."

"मग सस्त्यात सुटलो." त्या हसल्या. "ताई, खाल्लं की ते कायतरी देनारच. म्हणून मी परतेक भावात तेवढं आधीच धरते. सिमेंट धरते तसंच."

"दादांना ठाऊक आहे?"

"नाय, आणि तुमी पन सांगू नका. ज्याच्याकडं खाल्लं त्याला फुकट दिलं, या समाधानावर तर झोपतो तो मानूस."

मला त्या दोघांचा हेवा वाटला. एवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून दादांचा आवाज आला, मोठा आणि मोकळा: "आजी, चहात साखर जरा सढळ टाका." पाठोपाठ आजींचं हसू. या खिडकीतून हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

वहिनींनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि कठड्यावर ऐसपैस बसल्या.

"बसा ताई," त्या म्हणाल्या. "याचं पन धरलंय."