मंगळवारी पाणी, गुरुवारी कान

"यंत्र येऊ दे, नाहीतर यंत्राचा बाप येऊ दे!" वखारवाल्याने चहाचा कप टेबलावर आपटला. "तीस वर्षं सरपण विकतोय मी. दोन ओंडके एकमेकांवर वाजवले की माझा कान सांगतो, कोरडं की ओलं. साहेबांनी फक्त ऐकायचं आणि सही करायची!"

बायकोने सांडलेला चहा मुकाट्याने पुसला. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत होती आणि चहाही तेव्हापासून सांडत होता.

आता त्याची बढाई अगदीच फुकाची नव्हती हो. कोरडं लाकूड टणटण वाजतं, ओलं नुसतं थप करतं. गिऱ्हाईक आलं की तो दोन ओंडके उचलून वाजवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. म्हणून सगळं गाव त्याला कानसेन म्हणायचं. बेकरीवाल्यापासून खानावळीपर्यंत सगळे त्याच्या कानावर विश्वास ठेवून सरपण भरायचे. अलीकडे मात्र चुलींमधून धूर फार निघायला लागला होता. लोक खोकायचे, डोळे पुसायचे आणि सरळ नगरपालिकेत तक्रार ठोकायचे.

आणि तक्रारींचं मुख्यालय वखारीच्या कुंपणालाच लागून होतं! तिथे बाई राहायच्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, कानसेनसुद्धा. चौथीच्या अख्ख्या वर्षात बाईंनी सगळ्या वर्गाला कधी ना कधी 'शाब्बास' म्हटलं होतं, एकट्या याला सोडून. हे त्याला अजून लागायचं. पण सांगणार कोणाला? आता बाई वखारीतल्या करवतीच्या मशीनचा भुसा आपल्या वाळत घातलेल्या धुण्यावर उडतो म्हणून तक्रारी लिहायच्या. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास, वर क्रमांक. आजवर सोळा झाल्या होत्या.

शेवटी नगरपालिकेच्या दोन नोटिसा आल्या. मंगळवारी धुळीची तपासणी. गुरुवारी लाकडातल्या ओलाव्याची तपासणी, यंत्राने. ओलावा शंभरात वीसच्या वर निघाला तर परवाना रद्द. म्हणजे वखारीला टाळं. या वयात दुसरा कोणता धंदा करायचा? हा विचार कानसेनच्या मनात सारखा यायचा. तो घालवायला तो आणखी मोठ्याने बढाया मारायचा.

"काळजी करू नकोस," तो बायकोला म्हणाला. "सगळा बेत ठरलाय. आज मंगळवार, आज सगळ्या वखारीला अंघोळ घालतो. भुशाचा एक कण उडायचा नाही. मग दोन दिवस कडक ऊन. गुरुवारी लाकूड टणटणीत. मंगळवारी पाणी, गुरुवारी कान!"

"लाकडांवर कशाला मारता पाणी? जमिनीवर मारा की."

"अगं, भुसा बसतो कुठे? ओंडक्यांच्या फटीत! काम करायचं तर मुळापासून करायचं."

आणि त्याने केलं! पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, तोंडाने गाणं म्हणत, त्याने वखारीचा कोपरा न् कोपरा धुतला. थप्प्यांच्या वरून धुतलं, खालून धुतलं. मधल्या थप्पीत तर पाण्याचा पाइप आत खुपसून ठेवला आणि वर "आता बघतोच" असं म्हणाला. दहाच्या सुमाराला वखार अशी दिसत होती की लाकडांना पंचा द्यावासा वाटेल.

बरोबर दहाला निरीक्षक साहेब आले. सडपातळ, सौम्य माणूस. आवाज तर इतका हळू की जणू तो आवाजही सरकारी मालमत्ता आहे आणि जपून वापरायला हवा. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, रुमाल झटकून पाहिला.

"उत्तम," ते म्हणाले. "धूळ अजिबात नाही."

कानसेनने बायकोकडे मान ताठ करून पाहिलं. साहेबांनी कागदावर खूण केली आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "तो पाइप चालू राहिलाय वाटतं."

"अहो, तीस वर्षं!" कानसेन अभिमानाने म्हणाला.

साहेबांना काही समजलं नाही. पण सरकारी नोकरीत त्यांना याची सवय असावी. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक छोटं यंत्र बाहेर काढलं. पुढे दोन टोकदार खिळे, वर आकडे.

"हे काय?" कानसेनचा आवाज चिरकला.

"ओलावा मोजायचं यंत्र. गुरुवारी मी रजेवर आहे. म्हटलं, दोन्ही कामं आजच उरकून टाकू. तुम्हालाही दोनदा त्रास नको."

त्या क्षणी अख्ख्या वखारीत एकच गोष्ट कोरडी होती, ती म्हणजे कानसेनचा घसा! पण माणूस हार मानणारा नव्हता. त्याने दोन ओंडके उचलले, त्यातलं पाणी कोपरावरून ओघळत असताना डोळे मिटले आणि वाजवले.

थप.

"ऐकलंत? टणटणीत!"

साहेबांनी यंत्राचे खिळे ओंडक्यात खुपसले. "अडतीस," ते खेदाने म्हणाले. दुसऱ्यात खुपसले. "एक्केचाळीस." मग मधल्या थप्पीतला एक ओंडका घेतला. यंत्राने थोडा वेळ विचार केला आणि आकडा दाखवायचंच सोडून दिलं.

कानसेन बायकोजवळ सरकून कुजबुजला, "अगं, चार ओंडके चुलीपाशी धर. पटकन वाळव!"

ऑफिसात चहापुरती एक चूल होती. बायकोने ओंडके तिच्याभोवती उभे केले आणि आच वाढवायला हाताला लागलं ते लाकूड आत सारलं. हाताला लागलं ते अर्थात ओलंच होतं. पाचव्या मिनिटाला खिडकीतून धुराचा लोट निघाला. तो साहेबांच्या तोंडावरून, कुंपण ओलांडून, थेट बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेला.

कुंपणापलीकडे बाईंचा चष्मा चमकला. "काय रे? सतरावी लिहू का?"

"नको बाई! वाळवतोय जरा!"

"धुराने?"

साहेब खोकत बाजूला झाले. "हे बघा," डोळे पुसत ते म्हणाले, "मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तुम्ही विकलेलं एक जरी लाकूड वीसच्या आत दाखवलंत, तरी नियमाप्रमाणे तीन महिन्यांची मुदत देता येते. एकसुद्धा नाही का हो?"

कानसेनने वखारभर नजर फिरवली. सगळीकडून पाणी ठिबकत होतं. आपली वखार गेली, हे त्याला त्या ठिबकण्यात स्पष्ट दिसत होतं.

"अहो," बायको म्हणाली, "गेल्या वर्षी बाईंनी दोन गाड्या सरपण नेलं होतं ना? त्यांच्या व्हरांड्यात आहे अजून."

"मी नाही विचारणार!"

"मग वखारीला कुलूप लावा. मी घरी जाऊन झोपते."

तो कुंपणाशी गेला. पायजमा अजून गुडघ्यापर्यंतच होता आणि चौथीतल्यासारखे त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले होते.

"बाई, एक लाकूड द्याल का?"

"तू सरपण विकतोस आणि मागायला माझ्याकडे आलास?"

"माझी भिजलीत."

"कोणी भिजवली?"

"मीच."

"का?"

"धूळ उडते म्हणून तुम्ही तक्रार केलीत ना, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आत गेल्या आणि एक ओंडका घेऊन स्वतः फाटकातून वखारीत आल्या. ओंडक्याच्या टोकावर खडूने तारीख लिहिलेली होती, तीही रेघ मारून.

साहेबांनी खिळे खुपसले. "चौदा!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अप्रतिम! हे यांच्याकडचंच?"

"यांच्याकडचंच. पावती आहे माझ्याकडे."

"बघा!" कानसेनला एकदम जोर आला. "मी वाजवून दिलं होतं ते! टणटणीत!"

"थप वाजलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "ओलंकिच्च होतं. विटांवर रचून, मध्ये फटी ठेवून, वर पत्रा टाकून मी ते उन्हाळाभर वाळवलं. मला वाटायचं, तू जाणूनबुजून ओलं विकतोस. म्हणून तर रागाने भुशाच्या तक्रारी लिहायला लागले."

"जाणूनबुजून? मी?" त्याचा चेहरा पडला. "बाई, मला खरंच टणटण ऐकू आलं होतं."

बायको पुढे आली.

"अहो, तुमचा डावा कान गेलाय. मशीनच्या बाजूचा. चार वर्षं झाली. उजवाही काही खरा नाही. लाकूड कसंही वाजलं तरी तुम्हाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तुम्ही खचाल म्हणून मी बोलले नाही, हे माझं चुकलं."

"काहीतरीच! मला सगळं ऐकू येतं!"

"साहेब मघापासून तीनदा म्हणालेत, पाइप बंद करा म्हणून."

कानसेनने मागे पाहिलं. मधल्या थप्पीतून एक छोटा ओढा निघून साहेबांच्या बुटांपर्यंत पोचला होता. तो खाली वाकला, नळ बंद केला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याला भयंकर वाईट वाटलं होतं. गाव खोकत होतं ते त्याच्या कानामुळे!

साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. अट एकच, लाकडाची साठवण जाणकार व्यक्तीकडून शिकून घ्यावी. जाणकार व्यक्तीने हात वर केला आणि उद्या सकाळी आठला हजर राहायला सांगितलं. डबा आणायची गरज नाही, असंही सांगितलं.

पुढचे तीन महिने वखारीत शाळा भरली. विटा आल्या, पत्रे आले, मशीनभोवती पडदा लागला. प्रत्येक ओंडक्यावर खडूने तारीख घालायची. अक्षर तिरकं आलं की बाई पुसायला लावायच्या. "पुन्हा लिही!" कानसेन पुन्हा लिहायचा. ओंडके वाजवणं त्याने सोडून दिलं आणि गिऱ्हाइकांना तो तारीख दाखवू लागला.

मुदत संपली तेव्हा साहेब यंत्र घेऊन आले. पंधरा, सोळा, पंधरा, सतरा. त्यांनी पाच वर्षांच्या परवान्यावर सही केली आणि हात जोडून गेले. कानसेन मशीनपाशी तो कागद छातीशी धरून उभा राहिला. डोळे भरून आले होते, समोरचं सगळं धूसर दिसत होतं.

डावीकडे कुंपणापाशी बाई उभ्या होत्या. त्या घसा साफ करून म्हणाल्या, "शाब्बास!"

कानसेन ढिम्म हलला नाही.

बाईंनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तेव्हा कुठे डाव्या बाजूला कोणीतरी आहे, असं त्याला जाणवलं. तो गर्रकन वळला. बाईंचे ओठ हललेले त्याला दिसले, आणि त्याने घाईघाईने खिशातून खडू काढला.

"चुकलं, बाई! पुन्हा लिहितो!"