सव्वा एकची लाईन

साल २००६. मी एकसष्ट वर्षांचा, राहणार तुडील, महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी. शाळा दुसरीपर्यंत. पण माणूस मला वाचता येतो, आणि येत नाही म्हणेल त्याच्याशी मी भांडतो.

तर आमचे वैद्यसाहेब. कॉम्प्युटर रूम त्यांच्याकडे. चोपन्न वर्षांचे, बिनलग्नाचे. जेवायला बसले की भाताचे चार घास, भाजीचे दोन, लोणच्याचं एक बोट. परत भात चार. भाजी कितीही झकास असो, तिसरा घास नाही. मला म्हणायचे, "तात्या, लोणच्याचा वाटा लहान, पण पाळी चुकवायची नाही. उपाशी कुणी राहता कामा नये."

वायरीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं. त्यांचा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे; चपटी पेटी, तिच्यात वायरी खुपसलेल्या. मुंबई ऑफिसला जाणारी वायर एकच, जाणारे फार. साहेबांनी पेटीत रांगा लावून वाटे ठरवले. फोनच्या बोलण्याला आठ, ऑफिसच्या कामाला चार, कॉम्प्युटरवरच्या पत्रांना दोन, बाकी सटरफटर सगळं एकात.

मोठे साहेब तणतणत आले. "वैद्य, कॉम्प्युटरवर माझं क्रिकेट अडकतंय!"

"अडकू दे. क्रिकेट सटरफटरात."

एकदा गेटवर गाड्या तुंबल्या. वैद्यसाहेब धावत आले आणि चार टँकर, दोन टेम्पो, एक सायकल असे सोडायला लागले. टेम्पोवाला ओरडला, "ओ मास्तर, लग्नाची पंगत हाय काय ही?" मी हसलो. पण अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला, हे खोटं कशाला बोलू?

रोज सव्वा एकला ते लाईन तपासत. मी जेवणाच्या सुट्टीत तिथंच एसीच्या थंड हवेला टेकलेला. पलीकडे मुंबईच्या ऑपरेटर सुलभाबाई, स्पीकरवर.

"आवाज येतोय का?"

"स्वच्छ."

"ठीक."

झालं. दोन वर्षं एवढंच. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. पण फोन लावायच्या आधी साहेब केस विंचरायचे. मी म्हटलं, "फोनात दिसतं काय, साहेब?"

"तात्या, गेट बघा."

फोन ठेवल्यावर पेटीवरच्या बारीक हिरव्या दिव्याकडे बघत बसायचे. हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "स्वच्छ. साहेब, उद्या माझा शेवटचा दिवस. सोमवारपासून दुसरी मुलगी असेल. तुमचा फोन आला की मी डबा उघडायचे. आता भूक कधी लागली ते कसं कळणार?"

साहेबांचे ओठ हलले. "लाईन ठीक आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

"आवो, ही काय बोलायची रीत?"

"काय बोलू, तात्या? वाक्य तयार होतं. दोन वर्षं तयार आहे."

"मग मुंबईला जाऊन बोला."

"उद्या लाईन कोण तपासणार?"

"एक दिवस नाय तपासली तर कारखाना बुडत नाय."

ते कंगव्याचे दाते मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीत पहिल्यांदाच मी ड्युटीच्या वेळी गेट सोडलं. त्यांना घरून उठवून महाड स्टँडवर नेलं, मुंबईच्या पहिल्या गाडीत खिडकीशी बसवलं, आणि खाली उतरतील म्हणून गाडी हलेपर्यंत दार अडवून उभा राहिलो.