कॅप्टनच्या डावीकडची खुर्ची

बैरूतच्या बुर्ज हम्मूदमधल्या आर्मेनियन वस्तीत पत्ते सगळेच खेळतात, पण टेबल निवडावं तर नुबारनेच, असं नुबारचं स्वतःचं ठाम मत होतं. लग्नाच्या जेवणात कबाब आधी कुठल्या टेबलाकडे वळणार हे त्याला दारातूनच कळे. मग इंटरनेटवरच्या पोकरमध्ये ही विद्या वाया का घालवायची?

"पत्ते काय, कुणालाही येतात," क्रिकोर न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीनिशी बसून तो सांगे. "कला आहे ती कुणाशी खेळायचं हे ठरवण्यात. आधी टेबलांची यादी बघायची. जिथे लोक डाव सोडायलाच तयार नाहीत, भिकार पानांवरही पैसे लावतात, ते टेबल आपलं. मग त्यातला सगळ्यात मोठा बावळट हेरायचा आणि त्याच्या डाव्या हाताला बसायचं. आधी त्याची चाल, मग आपली. त्याचं बघून आपलं ठरवायचं."

"पण बावळट ओळखायचा कसा?" क्रिकोरने वस्तरा थांबवून विचारलं.

"सोपं आहे. त्याचं त्याला कळत नसतं, बाकी सगळ्यांना दिसतं."

घरी मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. गल्लीच्या जनरेटरची वीज गेली तरी खेळ थांबू नये म्हणून नुबारने मोटारीची जुनी बॅटरी आणून बाल्कनीत बसवली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सासूबाईंचा, सिरवार्तबाईंचा, पहिल्या दिवसापासून तिच्यावर डोळा होता. शेवटी अराक्सीने, म्हणजे नुबारच्या बायकोने, निकाल दिला.

"रविवारी जेवायला बसेपर्यंत तुझ्या दहा डॉलरचे वीस झाले तर बॅटरी तुझी. नाही झाले तर आईकडे जाईल. तिचा पंखा तरी फिरेल."

पैशाचं नुबारला काही नव्हतं, पाच-दहा सेंटचा तर खेळ. प्रश्न इभ्रतीचा होता. बॅटरी जिना चढून सासूबाईंकडे गेली असती तर त्याच जिन्यात त्याला मान वर करता आली नसती.

तो कामाला लागला. ओळख नको म्हणून 'कॅप्टन मार्को' असं इटालियन नाव घेतलं, यादी चाळली आणि एक सहाजणांचं टेबल काढलं. काय टेबल होतं! यादीतल्या आकड्यानुसार निम्म्याहून जास्त लोक डाव सोडतच नव्हते. गंमत म्हणजे नुबार बसला की तो आकडा आणखी वर चढे.

"माझा पायगुण," तो अराक्सीला म्हणाला.

उजवीकडे 'टेक्सासचा वाघ', डावीकडे 'लिस्बनची राणी'. चार दिवस तीच मंडळी, ठरल्या वेळी हजर. नुबारच्या डावीकडची खुर्ची दुसऱ्या कुणी बळकावली तर राणी ती रिकामी होईपर्यंत ताटकळत राहायची, पण दुसरीकडे बसायची नाही.

"त्या बाईला माझ्याजवळच बसायचं असतं," नुबार म्हणाला. अराक्सीने पातेलं जरा जोरातच ठेवलं.

रविवार उजाडला तेव्हा दहाचे सात उरले होते. पण दोष पानांचा होता, टेबलाचा नव्हे. स्वयंपाकघरातून जेवणाचा वास येऊ लागला आणि एक मोठा डाव रंगला. वाघ हटेना, राणी हटेना. मधे वीसच्या वर डॉलर साठले. नुबारच्या हातात सत्त्यांची जोडी. त्याने होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं.

तेवढ्यात पंखा थांबला. जनरेटरवाल्या मिसाकने तेल बदलायला जनरेटर बंद केला होता. नुबारची बॅटरी मात्र इमानदार. पडद्यावर राणी विचार करत राहिली, तिची वेळ संपली, पानं गेली. मग वाघ विचार करत राहिला. त्याचीही गेली. सगळे पैसे कॅप्टनकडे आले. पुढच्या डावात तर पाचांपैकी एकही हलेना.

"घाबरले!" नुबार ओरडला. "अराक्सी, अख्खं टेबल गार पडलं माझ्यासमोर."

ही बातमी गल्लीला सांगायला तो बाल्कनीत धावला. खालच्या बाल्कनीत क्रिकोर आधीच मिसाकच्या नावाने शंख करत होता.

"दोन मिनिटं थांबला असतास तर काय बिघडलं असतं? बादशहांची जोडी होती माझ्याकडे. तो इटालियन कॅप्टन पुरता गळाला लागला होता."

"तुम्हीपण त्याच टेबलावर?" शेजारच्या बाल्कन्यांतून तीन आवाज एकदमच आले.

"बादशहाचं काय घेऊन बसलास?" वरून सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तीन राण्या होत्या. चार दिवस त्याच्या डावीकडे ठाण मांडून बसले होते. सोन्यासारखा माणूस. एक डाव सोडवत नाही बिचाऱ्याला. घरी विचारणारं कुणी नसावं."

"बावळट हेरायची युक्ती नुबारची हो," क्रिकोर म्हणाला. "मी तुम्हाला फक्त पोचवली."

"विद्या खरी आहे त्याची. पहिल्याच दिवशी सापडला."

नुबार हळूच मागे सरकला. पण अराक्सीने तोवर पडद्यावरचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं होतं. ती कठड्याशी आली.

"आई, तुझा कॅप्टन आमच्याकडे आहे. बनियनवर बसलाय."

मिसाकचा जनरेटर पुन्हा सुरू झाला तरी इमारतीचं हसणं थांबलं नव्हतं.

जेवताना नुबारने किल्ला लढवून पाहिला. "वीस तर झाले ना?"

"माझ्या तीन राण्या अंधारात मेल्या म्हणून झाले," सासूबाई म्हणाल्या. अराक्सीने मान डोलावली आणि बॅटरी जिना चढली.

नुबारला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. ती संध्याकाळपर्यंत टिकली. मग वरून सासूबाईंची भाजीची टोपली दोरीवरून खाली आली आणि त्याच्या कठड्याशी थांबली. आत भरलेल्या द्राक्षपानांची बशी होती आणि एक लांबलचक वायर.

"नुबार बाळा, ही तुझ्या यंत्राला लाव," वरून आवाज आला. "बॅटरीवर दोघांचं भागेल. वीज गेली तरी तू टेबलावरून उठायचं नाहीस. शपथ आहे माझी."

दुसऱ्या दिवशी तो न्हाव्याच्या खुर्चीत छाती काढून बसला होता.

"सासूने जावयासाठी खास लाइन ओढलीय असं एक तरी घर दाखव या गल्लीत."

"नाही बुवा," क्रिकोर साबण लावत म्हणाला. "असा जावई मिळायला नशीब लागतं."

टेबल अजूनही नुबारच निवडतो. तो कुठे बसतो हे कळेपर्यंत बाकीचे पाचजण थांबून असतात.