डोलकाठीवरचा सदरा

नगरपालिकेची सर्वसाधारण सभा सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, आणि सभेला निघालेले नाना चिखलात रुतलेल्या होडीत उघडेबंब बसले होते.

गावाची रचनाच अशी होती. खाडीच्या अलीकडे बाजार, दवाखाना, कचेरी आणि होड्या लागायला दगडी धक्का. पलीकडे वाडी. वाडी नगरपालिकेतच होती, मतदानाच्या दिवशी तर फारच होती, पण तिच्या काठाला धक्का नव्हता. ओहोटी लागली की तिथं मांडीपर्यंत चिखल. नाना वाडीचे माजी नगरसेवक. निवडणूक हरले तरी कचेरीचा उंबरठा त्यांनी सोडला नाही. रोज यायचे आणि एकच विचारायचे, "धक्क्याचं काय झालं?" कारकुनांनी त्यांचं नावच धक्कानाना ठेवलं होतं.

पण नानांचं हे वेड हौसेचं नव्हतं. बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ओहोटी होती. चौघांनी तिला खुर्चीत बसवून चिखलातून होडीकडे नेलं. समोर दवाखान्याची पाटीसुद्धा वाचता येत होती. खुर्ची होडीपर्यंत पोचली. बायको पोचली नाही. त्या दिवसापासून नानांना दुसरा विषय उरला नाही.

आज तापातून उठून ते पहिल्यांदाच निघाले होते, आणि होडीत चढताना पाय घसरून कमरेपर्यंत चिखलात गेले.

"असे सभेला गेलात तर धक्का राहील बाजूला," होडीवाला म्हणाला, "आधी तुम्हालाच धुवायचा ठराव होईल."

मग पांढरा सदरा पाण्यात खळबळून डोलकाठीवर वाळत घातला. या भानगडीत पाणी उतरलं आणि होडी काठाजवळच बसली. होडीवाल्यानं टोपी तोंडावर ओढली. नाना भाषणाची उजळणी करू लागले.

आता, वाडीत फोन लागत नसे. तिथं कोणी वारलं की होडीच्या डोलकाठीला पांढरं कापड बांधायचं, म्हणजे अलीकडच्या लोकांना कळे, ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची. ती या दोघांना ठाऊक नव्हती असं कसं म्हणावं? पण ज्याचं जळतं त्याला धूर दिसत नाही, तसं झालं.

कचेरीत काय घडलं ते नानांना नंतर कळलं. शिपायानं खिडकीतून होडी पाहिली. "वाडीत कोणीतरी गेलं." कोण गेलं? नाना बरेच दिवस फिरकले नव्हते. ताप होता म्हणे. कचेरीत दोन आणि दोन चार व्हायला एरवी महिने लागतात. त्या दिवशी लगेच झाले.

भरती आली तेव्हा नाना ओलाच सदरा चढवून पोचले. हारासाठी खोळंबलेली सभा नुकतीच सुरू झाली होती. सभागृहात सगळे माना खाली घालून उभे. कोणीतरी गेलेलं दिसतंय, म्हणून नानाही मागच्या बाकापाशी मान खाली घालून उभे राहिले. बिचारा कोण असेल तो, असंही त्यांच्या मनात आलं.

सगळे बसले. ज्या सदस्यानं धक्क्याला आजवर प्रत्येक वेळी विरोध केला होता, तोच बोलायला उठला. "नानांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. एक धक्का मागितला. तेवढासुद्धा आपण त्यांना जिवंतपणी देऊ शकलो नाही." आणि धक्क्याचा ठराव त्यानंच मांडला.

नानांच्या अंगावर काटा आला. ओला सदरा होता, हे एक कारण झालं. ते उठायला लागले, तोच शेजारी बसलेल्या हेडक्लार्कनं त्यांना पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण डोकं जागेवर होतं. त्यानं नानांना खांद्याला धरून खाली दाबलं.

"बसा. दोन मिनिटं मेलेलेच राहा."

"अरे, पण..."

"धक्का मंजूर होतोय. तुमचं स्मारक म्हणून."

सगळे हात वर गेले. नानांचाही जाणार होता, तो हेडक्लार्कनं धरून ठेवला.

बाहेर व्हरांड्यात त्यानं समजावलं. "जिवंत माणसाचं स्मारक नियमात बसत नाही, नाना. तुम्ही आहात हे कळलं की ठराव रद्द. काम पुरं होईपर्यंत दम धरा."

"म्हणजे मी मेलेलंच राहायचं?"

"इतकी वर्षं थांबलात ना?"

नाना तोंडावर उपरणं ओढून घरी आले. "सूनबाई, आजपासून मी गेलो," एवढंच त्यांनी सांगितलं. सुनेनं चहा ठेवला आणि ती म्हणाली, "गेलात तर मग औषध वेळेवर घ्या."

सांत्वनाला सगळी नगरपालिका होडी करून आली. पण ओहोटी लागली होती. चिखल पाहून कोणी उतरेना. सगळ्यांनी होडीतूनच हात जोडले आणि परत गेले. नानांनी ते खिडकीच्या फटीतून पाहिलं. बायकोच्या वेळी या चिखलात कोणी उतरलं असतं का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ते भिंतीकडे तोंड करून निजले.

मरण तसं सोपं नव्हतं. अलीकडे जायची सोय उरली नाही. बाजारपेठेतला न्हावी त्यांचा लहानपणचा मित्र. त्यानं नानांची खुर्ची रिकामी ठेवली आहे, गिऱ्हाईक बसायला गेलं तर भांडतो, असं होडीवाल्यानं सांगितलं. न्हाव्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, म्हणून त्याला सांगायची चोरी. नानांची दाढी छातीपर्यंत आली. दुसऱ्या कोणाकडून ती करून घ्यायला त्यांचं मन तयार होईना.

हळूहळू खडी आली, खांब उभे राहिले. नाना झाडाआडून बघत. पुढंपुढं मुकादमच हाक मारून विचारू लागला, "नाना, पायरी एवढी उंच चालेल का?" सगळ्या वाडीला ठाऊक झालं होतं, पण कोणी वाच्यता करत नव्हतं.

उद्घाटन मुद्दाम ओहोटीला ठेवलं. होडी थेट धक्क्याला लागली. पहिला उतरला न्हावी, हातात फुलं घेऊन. समोर नाना उभे. न्हाव्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाढी काय अवस्थेत ठेवलीय ही," तो म्हणाला, आणि तिथंच पायरीवर बसून रडू लागला. नानाही त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ कोणी त्यांना उठवलं नाही.

मग नगराध्यक्षा जवळ आल्या. नाना हात जोडून म्हणाले, "बाई, माझ्यामुळे सभागृहाची फसवणूक झाली."

"कसली फसवणूक? सदऱ्याला बाह्या होत्या, नाना. माझ्या खिडकीतून मला साफ दिसत होत्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही जिवंत असताना किती हात वर झाले होते?"

बाईंनी दगडी पाटीकडे बोट केलं. "आता हा 'दिवंगत' शब्द तेवढा काढून घेऊ."

"तो काढला तर धक्का नियमाबाहेर जातो," हेडक्लार्क घाईनं म्हणाला.

"तो राहू द्या," नाना म्हणाले. "त्यापुढचं नाव बदला."

"कोणाचं घालायचं?"

नानांनी बायकोचं नाव सांगितलं. इतकी वर्षं रोज कचेरीत येऊनही ते नाव त्यांनी तिथं कधी काढलं नव्हतं. बाईंनी मान हलवली. हेडक्लार्कनं नाव टिपून घेतलं, पण त्याचा जीव कागदात अडकलेला.

"पाटीचं होईल, नाना. पण तुमच्या नावाचा शोकप्रस्ताव मंजूर होऊन बसलाय. त्याचं काय करू?"

नानांनी डोळे पुसले आणि कोरड्या पायांकडे पाहिलं.

"तो तसाच असू दे," ते म्हणाले. "लागेलच आज ना उद्या. तेव्हा पुन्हा सभा घ्यायला नको."