थूल सर आणि डेव्हलपरांचा मेळावा

देवळीच्या थूल सरांना मी कधी कोणाशी भांडताना पाहिलेलं नाही. ते भांडत नाहीत, तक्रार नोंदवतात. तीही नेहमी तीनच वाक्यांत. एकदा आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. मालकानं समोर समोशाची बशी ठेवली. सर बशीकडे बघून शांतपणे म्हणाले, "मी आलुबोंडा सांगतला. आलुबोंडा याले पायजे होता. समोसा आला."

बस्स. आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. मालकानं मुकाट्यानं बशी उचलली. स्टँडवरच्या कंट्रोलरलाही हेच. "मी साडेपाचले आलो. पावणेसहाले वर्ध्याची गाडी लागाले पायजे होती. नाई लागली." कंट्रोलर बिचारा काय बोलणार? शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. या तीन वाक्यांना उत्तर नसतं.

सर देवळीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. होते म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे अकराला येऊन त्यांनी कुलूप उघडलं. तेव्हापासून रोज उघडतात. प्राचार्य म्हणतात, "मी त्यांना या म्हटलं नाही आणि येऊ नका म्हणायची माझी हिंमत नाही."

माझी त्यांची ओळख ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमुळे झाली. हे सॉफ्टवेअर कोणा कंपनीचं नाही. जगभरातले लोक आपापल्या ठिकाणी बसून ते घडवतात, दुरुस्त करतात आणि कोणीही ते फुकट वापरावं अशी मोकळीक देतात. मी वर्ध्याला कॉम्प्युटर शिकवते आणि सवडीनं त्याचं मराठी भाषांतर करते. एके दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, मी देवळीहून थूल. तुमी 'रद्द करा' लिवलं तिथं 'परत जा' पायजे होतं. मानूस परत जाले पाह्यते अन् सारं रद्द होऊन जाते." म्हणणं बरोबर होतं.

सरांची स्वतःची एक तक्रार मात्र नऊ वर्षं तशीच पडून होती. 'वऱ्हाड' हा शब्द कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे 'वऱ्हाड' शोधलं की निम्मी पुस्तकं सापडत आणि उरलेली कपाटात असूनही नसल्यासारखी. सारी पुस्तकं सरांनी एकट्यानं, एका बोटानं टाइप करून चढवली होती. त्यांना ते लागलं. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, "सॉफ्टवेअर इज नॉट प्रॉपर. काइंडली डू द नीडफुल."

उत्तर आलं आयर्लंडमधून, मॉरीन नावाच्या बाईंकडून. त्या तिथल्या कुठल्याशा ग्रंथालयात प्रोग्रामर होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "श्री. थूल, तीन गोष्टी कळवाल का? तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?"

सरांच्या बोलण्याचं मूळ हे असं आयर्लंडात निघालं. "मॅडम," ते मला म्हणाले होते, "माह्या आयुष्यात मले कोणी असं इचारलं नाई. सायेब लोक इचारतात, गलती कोणाची? या बाईनं इचारलं, काय झालं?"

त्यानंतर पत्रव्यवहार चालूच राहिला. मॉरीनबाईंना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी 'वऱ्हाड'मधला तो अर्धा र ओळखायला शिकून घेतला आणि लिहिलं, तुमचं हे अक्षर पापणीसारखं दिसतं. सर आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "आपल्या र ले पापणी हाय, बापा! पन्नास वर्सं मी लिवून राह्यलो, मले दिसली नाई."

मागल्या पावसाळ्यात बाईंनी लिहिलं की मी आता निवृत्त झाले, भारत पाहिलेला नाही, कधीतरी एका टेबलाशी बसून तुमचा तो र दुरुस्त करू. तिकडे असं नुसतं बोलायची पद्धत असते. सरांनी ते पक्कं धरलं. चार दिवसांत त्यांनी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या सगळ्या मंडळींना जाहीर पत्र टाकलं, की जानेवारीत देवळी इथे डेव्हलपरांचा दोन दिवसांचा मेळावा घेण्याचं ठरलं आहे. कोणी ठरवलं? "मी अन् बाईनं."

आणि बाईंनी खरंच 'येते' म्हणून कळवलं. गुडघा दुखतो, जमिनीवर बसता येत नाही, एवढंच फक्त लिहिलं.

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. सरांनी कॉलेजच्या फाटकावर फलक लावला, 'डेव्हलपर मेळावा'. आमच्याकडे डेव्हलपर म्हणजे शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकणारा. संध्याकाळपर्यंत तिघे दलाल सरांकडे येऊन गेले. एकानं तर नागपूर रोडच्या लेआउटचा नकाशा घडी उलगडून टेबलावर पसरला. सरांनी तो बारकाईनं पाहिला आणि म्हणाले, "चांगला हाय. पन यात वाचनालयाले जागा ठेवाले पायजे होती."

पुढे त्यांनी खुर्ची शोधायला घेतली. खिशात टेप घेऊन सर देवळीतल्या घराघरांत जात, एक पाय ताठ धरून प्रत्येक खुर्चीत बसून पाहत आणि उठताना किती त्रास होतो ते वहीत लिहीत. शेवटी दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधली खुर्ची पास झाली. मग जेवण. बाईंना तिखट चालणार नाही म्हणून सरांनी स्वतः महिनाभर तिखट सोडलं. बिनतिखटाचा झुणका खाणारा माणूस मी विदर्भात दुसरा पाहिलेला नाही. "कसा लागते, सर?" मी विचारलं. "ओल्या पुठ्ठ्यासारखा," सर म्हणाले. "पन पोटाले काई होत नाई. बाईले चालन."

घरात कमोड बसवायला घेतला तेव्हा मात्र गावाची खात्री पटली. सरांच्या बायकोला, सुमनताईंना, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. एकटा माणूस कमोड कशाला बसवेल? मॉरीनबाईंचं नाव देवळीत कानोकानी 'मोरेबाई' झालं. थूल सर या वयात कोण्या मोरेबाईशी लग्न करून राह्यले आणि तिचा गुडघा काही बरा नाही, असं गावात ठरलं. सरांच्या मुलीचा मला पुण्याहून फोन आला. "मॅडम, खरं सांगा, या मोरेबाई कोण? बाबा खूश आहेत का?"

मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मोरेबाई असत्या तरी चाललं असतं हो."

मेळाव्याला तीन आठवडे उरले असताना, सकाळी कॉलेजला निघता निघता मी मेल उघडला. मॉरीनबाईंच्या मुलानं सर्व मंडळींना कळवलं होतं. आई झोपेत गेली. दुखणं हृदयाचं होतं, जुनं होतं. आईनं भारताचं तिकीट काढलं होतं, हे त्यानं शेवटी एका ओळीत लिहिलं होतं.

सर फोनवर मेल पाहत नाहीत. अकराला वाचनालय उघडून तिथल्या कॉम्प्युटरवर पाहतात. मी रजा टाकली आणि देवळीची बस धरली. त्यांनी ते एकट्यानं वाचू नये, एवढंच डोक्यात होतं.

घरी पोचले तेव्हा सर मिस्त्रीच्या मागे उभे राहून फरशी घासून बघत होते. "पाय घसराले नाई पायजे," त्याला सांगत होते. मला पाहून म्हणाले, "या, या! चांगल्या वक्ताले आल्या."

मी त्यांना बाहेर अंगणात आणलं आणि सांगितलं. दुसरं कसं सांगायचं मला सुचलं नाही. ते ऐकून घेत होते. मग हातातली फरशीची कपची त्यांनी जपून ओट्यावर ठेवली.

"मी बलावलं," ते म्हणाले. थांबले. "बाईनं याले पायजे होतं."

तिसरं वाक्य आलं नाही. मी वाट पाहिली. आत मिस्त्री थापी आपटत होता.

शेवटी मी म्हटलं, "सर, मेळावा रद्द झाला असं कळवते सगळ्यांना."

"काऊन?" ते एकदम म्हणाले. "रद्द कराचा नाई. अजाबात नाई." आणि मिस्त्रीकडे आत गेले.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी सरांच्या तक्रारीचं जुनं पान फोनवर उघडलं. नऊ वर्षांचं लिहिणं एकाखाली एक होतं. मधे एका ठिकाणी यंत्रानं आपोआप शेरा मारला होता, की तक्रारदार दीड महिना उत्तर देत नाही, तक्रार बंद करावी. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, "श्री. थूल, सगळं ठीक आहे ना?" सरांचं उत्तर होतं, "माय वाइफ एक्सपायर्ड. काइंडली डू नॉट क्लोज." आणि बाईंचं, "नाही करणार. तुम्हाला वाटेल तोवर उघडी राहील." हे सहा वर्षांपूर्वीचं होतं. सरांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. वाटेतलं सेलू काटे गाव येईपर्यंत मी बाहेर बघत बसले. काय पाहिलं ते आठवत नाही.

जानेवारीत नऊजण आले. पुण्याचे, हैदराबादचे, नागपूरचे आणि केरळचा जोसेफ म्हणून एक धिप्पाड माणूस. सर प्रत्येकाला उतरवून घ्यायला स्टँडवर हजर. दाताच्या डॉक्टरांची खुर्ची वाचनकक्षात आणून ठेवलेली होती. तिच्यात कोणी बसेना. कसं कोण जाणे, ती कोणासाठी होती हे सर्वांना कळलं होतं. सरांनी जोसेफचा हात धरून त्याला तीत बसवलं. "बसा हो. खुर्ची बसाले असते."

पहिला दिवस नुसता चर्चेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरच्या मुलीनं लॅपटॉप सरांपुढे सरकवला आणि म्हणाली, "काका, शोधा आता." सरांनी एका बोटानं 'वऱ्हाड' टाइप केलं. सगळी पुस्तकं आली. यादी पडद्याखाली उतरतच गेली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी यादी शेवटपर्यंत नेली, एकेक नाव वाचलं, मान हलवली आणि लॅपटॉप तिला परत दिला.

मग ते उभे राहिले. "मॅडम, माहं इंग्रजी लिवाचं हाय, बोलाचं नाई. तुमी सांगजा यायले."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माही सुमन गेली तवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले सारी देवळी आलती," सर म्हणाले. "भाजीवालीपासून मास्तरांपर्यंत दर एकानं उठून दोन शब्द सांगतले. मले बरं वाटलं. बाई गेली तवा मी कोणाले बलावू? देवळीत तिले वळखे कोन? मी एकटा. तिचं नावबी इथं कोणाले धड बोलता आलं नाई." ते थांबले. "तिले वळखनारे तुमीच हाय. म्हनून रद्द नाई केलं. तुमच्यातल्या कोणी तिले पाह्यलं असन, त्यानं दोन शब्द सांगा. मी पाह्यलं नाई तिले."

मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं.

नऊजण एकेक करून बोलले. नागपूरच्या मुलीनं सांगितलं, तिची पहिलीवहिली दुरुस्ती बाईंनी सात वेळा परत पाठवली होती आणि आठव्यांदा लिहिलं होतं, आता ही तुझी झाली. हैदराबादच्या गृहस्थांना त्यांनी मांजराचे फोटो पाठवले होते. सर वहीत लिहून घेत होते. मांजराचं नाव काय, ते त्यांनी दोनदा विचारलं.

प्रत्यक्ष भेटलेला एकटा जोसेफ होता. कुठल्याशा परिषदेत, बऱ्याच वर्षांपूर्वी. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ असेल माझ्याकडे."

"आवाज हाय त्यात?" सरांनी विचारलं. ते मात्र इंग्रजीत सांगावं लागलं नाही. जोसेफला कळलं.

त्यानं फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून टेबलावर उभा केला. सगळे भोवती वाकले. सरांना पुढे या म्हटलं तर ते आले नाहीत. मागे कपाटाला टेकून उभे राहिले, दोन्ही हातांत वही धरून. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई आली. चष्मा वर सारला, माइकवर बोटानं टकटक केलं. आवाज बारीक होता, जवळजवळ लहान मुलीसारखा. भाषण सुरू करण्याआधी तिनं सभागृहाच्या मागच्या रांगांकडे पाहून विचारलं, मागे ऐकू येतंय का? ज्यांना येतंय त्यांनी हात वर करा.

सरांनी वही काखेत धरली आणि हात वर केला.

"येऊन राह्यलं, बाई," ते म्हणाले. "येऊन राह्यलं आयकाले."